हंशाचा पहिला मानकरी

“उगाच तमाशा करूं नका,” हें वाक्य आपल्या घरांतून आठवड्यांत एकदां तरी ऐकूं येतेंच. पंगतींत मुलांनीं आरडाओरड केली, किंवा ओसरीवर दोघां भावांचा आवाज चढला, कीं घरांतील वडील माणूस हेंच म्हणतें. जें चारचौघांच्या दृष्टीस पडूं नये त्याचें नांव तमाशा, असा अर्थ आपण ठरवून टाकिला आहे. वास्तविक हा शब्द आपल्याकडे अरबी-फारसींतून आला, आणि त्याचा मूळ अर्थ ‘पाहण्यासारखा देखावा’ एवढाच आहे. चारचौघांनीं एकत्र बसून पाहावा तो तमाशा. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ परस्परांकडे पाठ करून कां बसले, ह्याचा विचार करण्याचा योग यंदाच्या चैत्रांत आला. संगमनेर तालुक्यांतील एका गांवच्या जत्रेंत रात्रीचा तमाशा आम्हीं सहकुटुंब पाहिला. त्यांत ढोलकी होती, गाणीं होतीं, नाच होता. पण आमच्या मनांत घर करून राहिली ती त्यांतील राज्यकर्त्यांची थट्टा. त्या थट्टेविषयीं आमच्या वाचकांशीं चार शब्द बोलावे असें ह्या महिन्यांत योजिलें आहे.

ज्या भूमींत हा खेळ झाला तिचा ह्या विषयाशीं जुना ऋणानुबंध आहे. संगमनेर हें कवि अनंत फंदी ह्याचें गांव. १७४४ सालीं जन्मलेला आणि १८१९ सालीं निवर्तलेला हा घोलप आडनांवाचा ब्राह्मण डफावर थाप मारून फडांत उभा राहिला, तेव्हां त्याच्या भाऊबंदांस काय वाटलें असेल ह्याची कल्पना आजही करतां येते. त्याच्याविषयीं एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. ब्राह्मणानें तमाशा करणें शोभत नाहीं, असें अहिल्याबाई होळकरांनीं त्यास सांगितलें. त्यानें तेथल्या तेथें डफ फोडिला आणि पुढें कीर्तनाची कांस धरिली. अहिल्याबाईंचा जन्म १७२५ सालचा, तोही ह्याच जिल्ह्यांत, जामखेड तालुक्यांतील चौंडी गांवीं. आणि २०२४ सालापासून अहमदनगर जिल्ह्यास त्यांचेंच नांव मिळालें आहे. म्हणजे डफ वाजविणारा ह्या जिल्ह्याचा, आणि तो खालीं ठेवावयास सांगणारी साध्वीही ह्याच जिल्ह्याची कन्या. तमाशा पाहावा कीं पाहूं नये, हें भांडण येथें अक्षरशः घरचें आहे.

पण आख्यायिका सांगणारे लोक बहुधा येथेंच थांबतात, आणि महत्त्वाची गोष्ट पुढेंच आहे. डफ फुटला तरी फंदीची जीभ बोथट झाली नाहीं. ‘फटका’ हा काव्यप्रकार त्यानेंच लोकप्रिय केला. नांवाप्रमाणेंच त्याचें काम पाठीवर वळ उठविण्याचें. सामान्य संसारी माणसास व्यवहाराचे चार कानमंत्र द्यावे, तसेच दुसऱ्या बाजीरावाच्या कारभारावरही त्यानें कोरडे ओढले. वाडवडिलांच्या वेळचे इमानी चाकर उपाशी, आणि काल आलेले तोंडपुजे तूपरोटी खाताहेत, हें पेशवाईच्या त्या उतरत्या काळचें चित्र त्यानें उघड्या डोळ्यांनीं पाहिलें आणि उघड्या गळ्यानें गाइलें. १७९६ ते १८१८ हा बाजीरावाचा काळ. त्या काळांत ब्राह्मणानें ब्राह्मण पेशव्याचें उणें चव्हाट्यावर सांगणें म्हणजे काय, हें वेगळें सांगावयास नको.

पुढें ह्याच तालुक्यांतील हिवरगांव पावसा येथली पवळा रंगभूमीवर आली आणि उभ्या महाराष्ट्रांत तिचें नांव झालें. ज्यांच्या लावण्या तिनें गाजविल्या ते पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) म्हणजे मूळचे श्रीधर कृष्ण कुलकर्णी. गांवचें कुलकर्णीपण सोडून ते फडांत गेले. तेव्हां तमाशा ही परक्याची वस्तु आहे, आपला तिच्याशीं संबंध काय, असें म्हणण्याची सोय निदान आमच्या वाचकांस इतिहासानें ठेविलेली नाहीं.

आतां त्या रात्रीविषयीं. गांवाबाहेरच्या मोकळ्या रानांत कनात ठोकून फड उभा राहिला होता. आमच्या मंडळींत सत्तरी ओलांडलेले अप्पा, काकू, दोन सुना, महाविद्यालयांत जाणारी एक पुतणी आणि तिचा धाकटा भाऊ इतकीं माणसें होतीं. निघतांना काकूंनीं कुरकुर केलीच. “बायकामाणसांनीं तेथें बसायचें तरी कसें?” असें त्यांचें म्हणणें. पण गांवांतील बाया मुलांना मांडीवर घेऊन आधींच जागा धरून बसल्या होत्या, हें पाहून त्यांची शंका अर्धीमुर्धी विरली. पाहुणे म्हणून आम्हांस पुढच्या रांगेंत खुर्च्या देण्यांत आल्या. ह्या खुर्च्या पुढें आम्हांस चांगल्याच महागांत पडल्या, तें ओघानें येईलच.

आरंभीं ढोलकी, हलगी, तुणतुणें आणि झांज ह्यांच्या साथीवर गण झाला. मग गौळण. गौळण म्हणजे केवळ भक्तीचा आणि थोड्या चावटपणाचा भाग, अशी आमच्यापैकीं पुष्कळांची समजूत असते. पण नीट पाहिलें असतां गौळण हें करवसुलीवरचें भांडण आहे. मथुरेच्या बाजारास दूध-दही घेऊन निघालेल्या गौळणींस कृष्ण आणि पेंद्या वाटेंत अडवितात आणि दाण म्हणजे जकात मागतात. गौळणींची म्होरकी मावशी त्यांच्याशीं हुज्जत घालते. त्या रात्रीची मावशी म्हणजे नऊवारी नेसलेला, आवाजाचा भारदस्त आणि बोटांत पदराचें टोंक धरणारा एक पन्नाशीचा नट. २०२२ सालच्या जुलै महिन्यांत बांधून आणि चिठ्ठी लावून विकल्या जाणाऱ्या दह्या-ताकावर पांच टक्के कर बसला होता, तो ह्या मावशीनें अजून मनांत धरून ठेविला होता. पेंद्यानें विचारलें, “मडक्याला चिठ्ठी हाय का?” मावशी म्हणाली, “चिठ्ठी चिकटवली तर कर, न्हाई चिकटवली तर माफ! आरं मुडद्या, मग मी कपाळाला कुंकू लावलंय, त्याचा बी कर घेशील का रं?” हा प्रश्न हजार माणसांच्या हंशांत बुडून गेला. दिल्लींतील कायद्याचें कलम संगमनेरच्या रानांत, मथुरेच्या वाटेवर, दोन मिनिटांत सर्वांस समजलें. एखाद्या वर्तमानपत्राच्या अग्रलेखास तीन स्तंभ लागले असते.

त्यानंतर बतावणी. सरदार आणि सोंगाड्या ह्यांचे सवालजबाब सुरू झाले. सरदारानें विचारलें, “काय रं, गेल्या निवडणुकीत कुठं व्हतास?”

“सकाळी ह्यांच्या गाडीवर गात व्हतो, दुपारी त्यांच्या, अन् सांजच्याला तिसऱ्याच्या.”

“आन मत कुणाला दिलंस?”

“मत द्यायाला सवड कुठं घावली? गळा बसला व्हता न्हवं!”

ज्याची सुपारी त्याचा पोवाडा, हें आपल्याच धंद्याचें उणें त्यानें प्रथम सांगून टाकिलें. मग पाळी गांवाची. आमच्या गांवचा रस्ता तीन वेळां झाला, असें सरदारानें म्हणतांच सोंगाड्या उत्तरला, “व्हय तर! कागद बगा कसा गुळगुळीत झालाय!” पुढच्या रांगेंत आमच्या शेजारीं साखर कारखान्याचे एक संचालक बसले होते. ह्या जिल्ह्यांत सहकारी साखर कारखाना हा नुसता कारखाना नव्हे. १९५० च्या सुमारास प्रवरेच्या कांठीं लोणी येथें विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ ह्यांच्या प्रयत्नानें देशांतील पहिल्यापैकीं एक असा सहकारी कारखाना सुरू झाला, तेव्हांपासून ऊस, पाणी, पतपेढी, शाळा आणि मत हीं सारीं एकाच दोऱ्यांत ओंवलीं गेलीं आहेत. त्यामुळें येथल्या वगांत राजाच्या शेजारीं चेअरमनचें सोंग हटकून येतें. उसाच्या वजनकांट्याविषयीं सोंगाड्यानें एक टोमणा मारिला. संचालकांनीं हंसत हंसत खिशांतून पांचशेंची नोट काढून पुढें केली. सोंगाड्यानें ती कपाळास लाविली आणि लोकांकडे वळून म्हणाला, “सायबांनी आमचं त्वांड बंद केलंय बरं का! पर पाश्शात पाच मिन्टंच बंद ऱ्हातं!” आणि खरोखरच पांच मिनिटांनीं त्यानें पुन्हा वजनकांटा काढला. संचालकांचा चेहरा क्षणभर उतरला असेल. पण सर्व गांव पाहत असतां रागावतां येत नाहीं. तेही हंसले.

वग सुरू झाल्यावर राजा आणि प्रधान आले. प्रधान झोंपेंतून उठतो तो घाबराघुबरा: “काल रातच्याला कुठल्या पक्षात निजलो व्हतो त्येच याद येईना!” १९८५ सालीं पक्षांतरबंदीचा कायदा झाला आणि २०२२ व २०२३ ह्या दोन वर्षांत महाराष्ट्रांतील दोन मोठे पक्ष दुभंगले, हें ज्यांच्या लक्षांत आहे त्यांस ह्या वाक्याचें स्पष्टीकरण नको. त्या कनातींत ह्या पक्षाचे लोक होते आणि त्या पक्षाचेही होते. दुभंगलेल्या पक्षाच्या दोन्ही अर्धांचे होते. हंसले मात्र सगळे एकाच वेळीं, आणि हंसतां हंसतां एकमेकांकडे पाहिलें.

येथपर्यंत आमचीं मंडळी अगदीं रंगून गेलीं होतीं. इतक्यांत सोंगाड्यानें कपाळावर हात धरून पुढच्या खुर्च्यांकडे निरखून पाहिलें. “सरदार, ही कोण मंडळी?” “पाव्हणे हायेत. लई शिकल्याली मानसं. पुन्यास्नं आल्याती.” “आसं व्हय! म्हंजी वरसातनं एक डाव देवाला आन गावाला दर्शन देनारी. आवो, म्या वळखतो ह्यास्नी. राजकारन लई घान झालंय म्हनत्यात, आन मताच्या दिशी सुट्टी घिऊन म्हाबळेस्वरला जात्यात! घान काढाया आमी, आन नाक धराया ह्ये!”

मागें बसलेल्या शेंकडों माणसांनीं माना उंच करून आमच्याकडे पाहिलें, आणि त्या रात्रींतील सर्वांत मोठा हंशा पिकला. आमच्या रांगेंत क्षणभर कोणी कोणाकडे पाहीना. एका सूनबाईंनीं मोबाइलमध्यें डोकें घातलें. काकूंनीं पदर तोंडाशीं नेला. तो राग आवरण्यासाठीं कीं हंसूं लपविण्यासाठीं, तें अंधारांत कळलें नाहीं. मग अप्पा मोठ्यानें हंसले, आणि त्यांच्यामागून आम्ही सर्व. दुसऱ्या दिवशीं सकाळीं चहा घेतां घेतां अप्पांनीं पुतणीस एवढेंच विचारलें, “तुझें नांव मतदारांच्या यादींत घातलें आहे कां गं?” तिनें तें घातलें नव्हतें. आठ दिवसांच्या आंत तिनें अर्ज भरला.

हा प्रसंग लहानसा आहे. पण त्यावरून आमच्या लक्षांत एक गोष्ट आली, आणि तीच ह्या लेखाचें प्रयोजन होय. त्या सोंगाड्याच्या थट्टेस एक क्रम होता. प्रथम त्यानें स्वतःस हंसूं घेतलें, मग आपल्या श्रोत्यांच्या गांवास, त्यानंतर राजास, आणि शेवटीं जे स्वतःस ह्या साऱ्यांहून वेगळे समजत होते त्यांस. हंशाचा पहिला मानकरी तो स्वतः झाला, म्हणूनच राजाच्या पागोट्यास हात घालण्याचा त्याचा अधिकार कोणीं नाकारला नाहीं. जो हा क्रम मोडतो, स्वतःस आणि आपल्या बाजूच्या लोकांस वगळून केवळ पलीकडच्यास हंसतो, त्याची थट्टा ही थट्टा राहत नाहीं; ती एका पक्षाची जाहिरात होते. आजच्या राजकीय विनोदाचें खरें-खोटें पारखण्यास ही एक कसोटी पुरेशी आहे, असें आम्हांस वाटतें: तो सांगणारा स्वतःवर हंसला काय, आणि ऐकणाऱ्यास एकदां तरी टोंचलें काय?

हीच कसोटी आपण आपल्यास लावून पाहूं. १९०७ सालीं कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचें ‘कीचकवध’ नाटक रंगभूमीवर आलें. कीचकाच्या रूपांत लॉर्ड कर्झन आणि सैरंध्रीच्या रूपांत पारतंत्र्यांतील देश लोकांनीं ओळखला, आणि १९१० सालीं इंग्रज सरकारनें १८७६ च्या नाट्यप्रयोगविषयक कायद्याचा आधार घेऊन त्या नाटकावर बंदी घातली. ही कथा आपल्या घरांतून अभिमानानें सांगितली जाते, आणि तें योग्यच आहे. पण त्याच सुमारास महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून दुसरा एक खेळ चालू होता; त्याची आठवण आपल्या घरांतून सहसा निघत नाहीं. जोतीराव फुल्यांनीं १८७३ सालीं सत्यशोधक समाज स्थापिला. त्याच्या अनुयायांनीं तमाशाचाच सांचा उचलून जलसे उभे केले. त्या जलशांत सावकार होता, तलाठी होता, आणि पंचांग उघडून अडाणी कुणब्यास लुबाडणारा भटजी हें तर त्यांतलें ठरलेलें सोंग. त्यांत अतिशयोक्ति होती काय? असेलच, अतिशयोक्तीवांचून सोंग उभें राहत नाहीं. पण कीचकाच्या सोंगांतली अतिशयोक्ति आपण कौतुकानें पाहतों, आणि भटजीच्या सोंगांतली अतिशयोक्ति तेवढी द्वेषाची ठरवितों, हें न्यायाचें नव्हे. ज्यांनीं त्या काळीं जलशास बसून, मनांत कां होईना, “ह्यांत तथ्य आहे” असें म्हटलें, त्यांच्याच घरांतून पुढें सुधारक निघाले. जे उठून गेले त्यांची करमणूक तर बुडालीच, पण घरबसल्या मिळणारें शहाणपणही बुडालें.

राज्यकर्त्यांची गोष्ट ह्याहून निराळी नाहीं. परकी सरकारनें थट्टेस भ्यावें हें समजतां येतें. पण स्वराज्य आल्यावरही ही भीति गेली नाहीं. १९४४ सालीं अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर ह्यांनीं लाल बावटा कलापथक उभें केलें. अण्णाभाऊंनीं तमाशांतून राजकारण गिरणगांवांत आणि खेडोपाडीं पोंचविलें. स्वातंत्र्यानंतर पहिल्याच वर्षांत मुंबई सरकारनें तमाशाच्या खेळांवर बंदी घातली. पुढें ती उठली, पण संहिता आधीं तपासून घेण्याची अट राहिली. तरीही खेळ मेला नाहीं, त्यानें ‘लोकनाट्य’ हें नवें नांव धारण केलें. १९६५ सालीं वसंत सबनीसांचें ‘विच्छा माझी पुरी करा’ आलें आणि दादा कोंडके त्यांत हवालदार झाले, तेव्हां पांढरपेशा कुटुंबांनीं नाट्यगृहांत तिकिटें काढून तोच तमाशा आनंदानें पाहिला. दादा रोजच्या वर्तमानपत्रांतली ताजी बातमी त्या रात्रींच्या संवादांत घालीत, म्हणून एकच खेळ पुन्हा पुन्हा पाहणारे लोक असत. कनातीखालीं जें अशिष्ट वाटलें तें छपराखालीं शिष्ट झालें! ह्यावरून आक्षेप तमाशास होता कीं त्याच्या जागेस आणि तो करणाऱ्यांच्या जातीस होता, ह्याचा प्रत्येकानें आपल्याशीं विचार करावा.

वडीलधाऱ्यांचा दुसरा आक्षेप आम्ही हलका समजत नाहीं. फडांत द्व्यर्थी बोलणें येतें, आणि अलीकडे सिनेमांतील गाण्यांचा भरणा इतका होतो कीं वगास मध्यरात्र उलटावी लागते. त्या रात्रींही एक तासभर असाच गेला आणि आमच्या पुतण्यास पेंग आली. हें उणें आहेच. परंतु त्याचें एक कारण आपण स्वतः आहों. जाणता श्रोता घरीं राहिला, म्हणजे फडमालकास जो समोर असेल त्याचीच फर्माईश पुरवावी लागते. दसऱ्यापासून वैशाखापर्यंतच्या हंगामावर मोठ्या फडांतील शंभराच्या आसपास माणसांचें वर्षाचें पोट असतें. मालमोटारींचें भाडें, कनात, दिवे, सारें त्यांतूनच. २०२० आणि २०२१ ह्या दोन सालीं साथीमुळें जत्राच भरल्या नाहींत, तेव्हां कलावंतांवर उपासमारीची पाळी आली. त्याच साथींत, २०२१ च्या मे महिन्यांत, कांताबाई सातारकर निवर्तल्या. संगमनेर हें त्यांच्या फडाचें घर होतें, आणि सारें आयुष्य त्यांनीं ह्या कलेस वाहिलें होतें. अशा बायांच्या कष्टांवर ही कला आजवर उभी राहिली आहे. त्यांस ‘नाचणारी’ म्हणून बाजूस सारणें आणि त्यांच्याच गाण्यांवरून लोककलेचे गोडवे गाणें, हा दुटप्पीपणा आपल्या घरांत तरी नसावा.

कोणी म्हणेल, आतां राजकीय थट्टा ऐकण्यास जत्रेंत कशास जावयाचें? मोबाइलवर ती दिवसरात्र येते. येते खरी, पण ती ज्याची त्यास रुचेल तेवढीच येते. एकाच घरांत एका दादाच्या हातांतील यंत्र एका पुढाऱ्याची टवाळी दाखवितें, आणि धाकट्या भावाच्या हातांतील यंत्र दुसऱ्याची. दोघेही एकेकटे हंसतात, आणि रात्रीं पंगतींत एकमेकांवर रागावतात. कनातींत हें घडत नाहीं. तेथें ज्याची थट्टा होते तो समोर बसलेला असतो. त्यास उत्तर देतां येतें, नोट पुढें करतां येते, रागावून उठून जातां येतें किंवा हंसून बसतां येतें. करणाऱ्यासही त्याच्या डोळ्यांस डोळा भिडवून बोलावें लागतें. खोटें बोलल्यास पुढच्या साली त्याच गांवीं सुपारी मिळावयाची नाहीं, हेंही त्यास ठाऊक असतें. ही समोरासमोरची लाज दोन्ही बाजूंस मर्यादेंत ठेवते. ती नाहींशी झाली म्हणजे थट्टेची शिवी होते आणि शिवीचें भांडण.

एकत्र कुटुंबांत राहणाऱ्यांस हें नव्यानें शिकविण्याचें कारण नाहीं. ज्या घरांत आजोबांच्या विसरभोळेपणावर नातवंडें त्यांच्या समोर हंसूं शकतात, आणि आजोबाही नातवाच्या ऐटीची नक्कल करून दाखवितात, त्या घरांत पाठीमागें कुजबुज होत नाहीं. राज्याचेंही तसेंच आहे. ज्या गांवांत सोंगाड्या पुढाऱ्यास त्याच्या तोंडावर हंसूं शकतो, तेथें पुढारी अगदींच बेफाम होत नाहीं, आणि लोकही अगदींच कडवट होत नाहींत.

म्हणून आमची वाचकांस विनंती इतकीच कीं, आपल्या मूळ गांवच्या जत्रेंत चांगला फड येत असेल तर त्याची आधीं चौकशी करावी. वग कोणता आहे, बतावणी कोणाची आहे, हें विचारून घ्यावें. आणि मुलांबाळांस, सुनालेकींस घेऊन जावें. पुढच्या खुर्च्या मिळाल्यास नाकारूं नयेत. तेथें बसणाऱ्याच्या वांट्यास एखादा टोमणा येणारच. तो प्रसाद समजावा. आणि निघतांना फडमालकाच्या हातीं यथाशक्ति कांहीं ठेवावयास विसरूं नये, मात्र तें तोंड बंद करण्यासाठीं देऊं नये.